गॅलरीतली चक्रशुद्धी

घाटकोपरच्या आमच्या चाळीत शेजारचे गृहस्थ सकाळी नळाला पाणी आलं, की नेमके गॅलरीतच मृगाजिन टाकून चक्रशुद्धीला बसत. आम्ही बायकांनी भरले हंडे घेऊन त्यांना वळसा घालायचा आणि बादलीसुद्धा वाजवायची नाही! वर ऑफिसला निघताना मलाच ज्ञान शिकवायचे, "वहिनी, अनाहत म्हणजे हृदयाचं चक्र हो. ते मोकळं होणं सोपं नाही."

एकदा त्यांची गरोदर बायको हंड्यासकट त्यांच्या पुढ्यातच घसरून पडली. मी धावले. या बाबाने डोळेसुद्धा उघडले नाहीत, नुसता हात वर केला.

"आवाज नको. अनाहत चाललंय."

मी तिला उठवून बसवलं आणि तिचा रिकामा हंडा त्यांच्या कानाशी दाणकन आपटला.