अठ्ठ्याण्णवावी कडी

सातपूर कॉलनीत लग्नाच्या पंगतीला बहिरू पगारेंच्या शेजारी बसायची वेळ आली की शहाणी माणसं पाणी वाढायच्या निमित्तानं उठत. कारण पानात जिलेबी पडायच्या आत पगारे ओतकामावर येत. लोखंड तापलं की फुगतं आणि निवलं की आकसतं हे शाळेतलं पोरही सांगेल, पण किती आकसतं ते पगारेंना तोंडपाठ. बीड, म्हणजे ओतीव लोखंड, शंभराला एक आकसतं. म्हणून बिडाची वस्तू ओतायची तर तिचा लाकडी पॅटर्न शंभराला एक या हिशेबानं मोठा करायचा. तो वाळूत दाबायचा, अलगद काढून घ्यायचा आणि त्या पोकळीत रस ओतायचा. निवल्यावर वस्तू मापात येते. ‘मोठं करावं लागतं, तेव्हा कुठं नेमकं येतं,’ असं पगारे बोट वर करून सांगत, आणि तोवर ऐकणाऱ्याचा भात गार झालेला असे.

चाळीस वर्षं त्यांनी अंबडला हेच काम केलं. पंपाची कवचं, मोटारींची अंगं, गिअरच्या पेट्या, काय वाटेल ते त्यांनी आधी सागवानात घडवलं. एवढ्या वर्षांत त्यांचा एकही पॅटर्न मापासाठी परत आला नाही. पण गंमत बघा, त्यांचं काम कुणाला दिसलंच नाही. बिडाची वस्तू कंपनीचं नाव अंगावर घेऊन जगभर जायची आणि पॅटर्न वाळू खात फळीवर पडून राहायचा. माणूस तसा साधा, दोन सदऱ्यांत वर्ष काढणारा. गर्व म्हणाल तर एका मापाचाच होता, आणि तो मात्र भरपूर होता.

निवृत्तीच्या दिवशी त्यांनी आपली हत्यारं मागच्यांना वाटून टाकली. पटाशा दिल्या, रंधे दिले, साध्या पट्ट्याही दिल्या. एकच पोलादी पट्टी तेवढी ठेवली, कारण तिच्यावर त्यांनी पहिल्या वर्षी खिळ्यानं आपलं नाव कोरलं होतं. ही पट्टी नीट लक्षात ठेवा.

आता सहादू काकड. हे गल्लीतलेच, सैन्यातून दफेदार म्हणून निवृत्त झालेले. अठरा वर्षं त्यांनी टी-७२ रणगाडा चालवला. चहाच्या टपरीवर ते त्या गाडीच्या गोष्टी सांगत आणि लोक हो हो म्हणत मोबाइल बघत बसत. एकदा दफेदार जरा हळवे होऊन म्हणाले की अठरा वर्षं जिच्या पोटात काढली ती गाडी माझ्या घरच्यांनी कधी पाहिली नाही, फोटोत काय कळणार. पगारे पटकन बोलून गेले, “मी दाखवतो. दहाला एक या मापात. केसाचाही फरक नाही.”

बोलून बसले खरे. मग झेरॉक्सच्या दुकानातून मोठाले नकाशे काढून आणले, जुनं सागवान मिळवलं आणि गच्चीवरची पत्र्याची खोली ताब्यात घेतली. बायकोचे, विमलाबाईंचे, पापडाचे डबे जिन्यात आले. त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, तिसऱ्या दिवशी चहा घेऊन वर गेल्या आणि तिथंच एका खोक्यावर बसून राहिल्या. दीड वर्ष हे चाललं. बसका बुरूज झाला, तोफेची नळी झाली, चालकाच्या डोक्यावरचं झाकण झालं, ते उघडायचंसुद्धा. एकेका बाजूला सहा चाकं. रणगाडा ज्यावर चालतो त्या पट्ट्याच्या कड्या मात्र लाकडात टिकल्या नसत्या. पगारेंचा जुना ओळखीचा धनराज अंबडला लहानशी फाउंड्री चालवतो. त्याच्या शेजारच्या मोल्डिंगवाल्याकडून पगारेंनी नायलॉनच्या दोनशे कड्या करून घेतल्या. प्रत्येक पट्ट्यात सत्त्याण्णव लागतात, म्हणजे सहा जास्तीच्या.

आणि पट्टा चढवायच्या दिवशी माशी शिंकली. सत्त्याण्णव कड्या ओवल्या, चाकांवरून फिरवल्या, तर टोकं भिडेनात. नखभर जागा राहिली. पगारेंनी ओढून पाहिलं, चाकं सरकवून पाहिली, नकाशा तीनदा तपासला. दुसऱ्या बाजूलाही तेच. शेवटी त्यांनी डबीतून एकेक कडी घेऊन दोन्हीकडं घातली आणि पट्टे बसले. कोण मोजणार आहे, असं ते मनात म्हणाले. चाळीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या मनात पहिल्यांदाच आलं होतं, आणि त्याची त्यांना लाज वाटली. पण कडी त्यांनी काढली नाही.

नवीन वर्षाला तीन आठवडे राहिले होते. सव्वीस जानेवारीला विहाराशेजारच्या वाचनालयात रणगाडा काचेच्या पेटीत ठेवायचा, असं कॉलनीनं ठरवून टाकलं होतं. त्याआधी एकदा नजरेखालून घाला म्हणून पगारेंनी दफेदारांना वर बोलावलं. दफेदार दारातच थबकले. मग चप्पल काढून आत आले, बुरुजावरून हात फिरवला, चालकाचं झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. विमलाबाईंनी पाहिलं, दफेदारांचे डोळे भरले होते. पगारेंची छाती सदऱ्यात मावेना.

मग दफेदारांनी एका कडीवर खडूची खूण केली आणि मोजायला लागले. जुनी सवय ती. वाळवंटात पट्टा तुटला की घण घालून कड्या जोडाव्या लागत, गाडी दिसली की हात आपोआप तिकडं जायचा. बोट फिरून खुणेपाशी आलं तेव्हा दफेदारांनी एकदा पगारेंकडं पाहिलं आणि दुसऱ्यांदा मोजलं.

“पगारेभाऊ, अठ्ठ्याण्णव हायत,” ते हळूच म्हणाले. “नव्या गाडीला सत्त्याण्णव. वापरून पट्टा ढिला पडला का एक काढत्यात. कडी कमी करत्यात, वाढवत नाय कधी.”

एवढंच बोलले. वर असंही म्हणाले की कुणाला कळणार नाही, गाडी झकासच झालीये. पगारेंना ते सांत्वन थोबाडीत मारल्यासारखं लागलं. ज्या एका माणसासाठी केली त्यालाच ती परकी वाटली, मग बाकीच्यांनी वा वा केली काय आणि न केली काय.

रात्रभर त्यांना झोप नाही. सकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यांनी शाळेच्या पोरांची दहा रुपयांची प्लास्टिकची पट्टी आणली आणि रणगाड्याला लावली. तीस सेंटिमीटरला तीन मिलिमीटर जास्त. मग ती आपल्या पोलादी पट्टीशेजारी ठेवली. दोघींचं शून्य जुळलं, दहाला थोडं हललं, आणि तीसला पगारेंची पट्टी तीन मिलिमीटर पुढं निघून गेली. ती साधी पट्टी नव्हतीच. बीड आकसणार म्हणून मुद्दाम वाढवून आखलेली, पॅटर्नवाल्यांची श्रिंकेज स्केल होती ती. कोपऱ्यात तसं छापलेलंही होतं. पण ज्या पट्टीवर आपलं नाव आहे तिच्यावर दुसरं काय लिहिलंय हे कोण वाचतं? मोल्डिंगवाल्यानं कड्या बरोबर केल्या होत्या, रणगाडाच मोठा झाला होता, म्हणून त्या पुरल्या नाहीत. चूक उस्तादाची होती. साऱ्या गावाला पंगतीत जे शिकवलं, ते स्वतःच्या हातानं स्वतःवरच उलटवलं.

ते खोक्यावर मटकन बसले. विमलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा त्यांनी सगळं सांगितलं. दीड वर्ष फुकट गेलं, म्हणाले. सव्वीस जानेवारी विसरा, आता वखारीत टाका हा सांगाडा.

विमलाबाईंनी दोन्ही पट्ट्या बघितल्या. मग रणगाडा बघितला. चाळीस वर्षं त्या बाईनं तेच एक व्याख्यान ऐकलं होतं, ते काही वाया जाणार नव्हतं.

“अहो,” त्या म्हणाल्या, “शंभराला एक मोठा आहे ना? मग ओता की.”

पगारे असे हसत सुटले की खालून शेजारीण विचारायला आली, सगळं ठीक आहे ना.

पण ओतणं म्हणजे गंमत नव्हे. सांगाडा उकलून दोन तुकड्यांत करायचा, आत पोकळ राहावा म्हणून वेगळा साचा करायचा, बारीकसारीक भाग सुटे करायचे. पंधरा दिवस पगारे जेवायलासुद्धा जेमतेम खाली आले. धनराज आधी नाहीच म्हणाला. काका, वाळूतून काढताना एखादा कोपरा तुटला तर लाकडी पण जाईल आणि बिडाचा पण नाही होणार, मग माझ्या नावानं बोटं मोडाल. पगारे म्हणाले की तुटला तर माझ्या हातानं तुटेल, तू बाजूला उभा राहा.

तसंच झालं. धनराजच्या फाउंड्रीत सगळे कामगार हातातलं काम टाकून गोळा झाले. पगारेंनी वाळूत दाबलेला पॅटर्न हलक्या हातानं ठोकला आणि सरळ वर उचलला. वाळूचा एक कण ढळला नाही. कारण सवयीच्या हातानं प्रत्येक कडेला, वाळूतून सहज सुटावा म्हणून पॅटर्नला लागतो तो बारीकसा उतारही दिला होता, त्यांच्या नकळत. दीड वर्ष ते रणगाडा करत होते आणि त्यांचा हात पॅटर्न करत होता. दिवसाच्या शेवटच्या ओताला लालभडक रस आत गेला. दुसऱ्या दिवशी वाळू फोडली, घासून-पुसून साफ केलं, आणि पगारेंनी खिशातून दहा रुपयांची पट्टी काढली. माप बरोबर होतं. त्यांनी ती धनराजच्या हातात दिली आणि तोंड फिरवून डोळे पुसले, वाळू गेली म्हणाले.

सव्वीस जानेवारीला झेंडा झाल्यावर चौघांनी मिळून नायलॉनचे पट्टे चढवलेला बिडाचा रणगाडा वाचनालयात आणला. लाकडाचा होता तेव्हा एकटे पगारे तो सहज उचलत. आता चौघांच्या कपाळाला घाम. अख्खी कॉलनी जमली होती. दफेदार घरच्या सगळ्यांना घेऊन पुढं आले, नातीला चालकाचं झाकण उघडून दाखवलं, इथं बसायचो म्हणून. मग खडू काढला. त्यांचं बोट कडीकडीनं फिरत खुणेपाशी परत आलं.

“सत्त्याण्णव,” दफेदार मोठ्यानं म्हणाले. दुसऱ्या बाजूला जाऊन तीही मोजली. मग बुरुजावर हात ठेवून म्हणाले, “ही माझी गाडी हाय.”

टाळ्या पडल्या. बायकांमध्ये विमलाबाई ताठ उभ्या राहून सांगत होत्या की आधी लाकडात केला होता, मुद्दाम मोठा, यांना माहीत असतं ना सगळं. पगारेंच्या कानावर ते पडलं. कॉलनी ऐकत होती, गप्प बसले असते तर कुणाचं काही बिघडलं नसतं. पण त्यांनी बोट वर केलं, पंगतीत करत तसंच.

“मुद्दाम नाही,” ते म्हणाले. “माझं माप चुकलं होतं. एक कडी जास्त घालून मी ते झाकलं होतं. दफेदारांनी पकडलं.”

पगारे इतके मोकळे झाले होते की त्यांनी खिशातली डबी काढली आणि उरलेल्या कड्या दफेदारांच्या तळहातावर ओतल्या. दफेदारांनी त्याही मोजल्या. सहा होत्या.