टीव्हीखालचा डबा आणि हळदीची गाणी

आमच्या कुटुंबात एक कथा रूढ झाली आहे. धाकट्या भावाच्या मुलीच्या हळदीला लाईट गेली, डीजे बंद पडला आणि वेळ काढायला म्हणून बायकांनी जुनी गाणी म्हटली, अशी ती कथा. कोणत्याही लग्नात गेलो की कोणीतरी ती मला हसत हसत ऐकवतो. ती खोटी आहे. मी तेथे होतो. त्या गाण्यांमागे माझ्या बैठकीच्या खोलीतला एक डबा होता, आणि तो वगळून सांगितलेली हकिगत मी मान्य करणार नाही.

डबा म्हणजे लहानसा संगणक. निवृत्त झाल्यावर मी तो टीव्हीखाली ठेवला. तो मुलाने जोडून दिला, असेही एक पुराण आहे. मुलाने तो मुंबईहून उचलून आणला, जोडला मी. त्या फुगीर काचेच्या टीव्हीवर संगणकाची अक्षरे फुटत, पडद्याच्या कडा कापल्या जात. चष्मा न लावता सोफ्यावरून वाचता येईल एवढी अक्षरे मी मोठी केली, सगळे मधोमध आणले आणि पंख्याची घरघर खोलीभर घुमू नये म्हणून डब्याखाली सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे घातले. भाऊ पाहायला आला आणि म्हणाला, "दादा, मॅच बघायला एवढा खटाटोप? केबलवाला मेला का?"

खटाटोप मॅचसाठी नव्हता. वटार गावातल्या आमच्या वाडीत हळदीचे पहिले गाणे घरच्या थोरल्या सुनेने उचलायचे असते. त्या गाण्यात नातलगांना क्रमाने हाका मारतात: मामा, मामी, आत्या, शेवटी आईबाप. ज्याला हाक आली त्याने हातातले काम टाकून यायचे आणि आंब्याच्या पानाने नवरीला तेल लावायचे. क्रम चुकला तर रुसवे होतात. हे सारे आमच्या आईला मुखोद्गत होते. ती गेली आणि गाणे माझ्या पत्नीकडे आले. पत्नी साताऱ्याकडची. आमची बोली तिला समजे, पण आईसमोर ती कधी मोठ्याने गायली नव्हती.

आईचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता. नव्वदच्या दशकात माझ्या मुलीचे लग्न झाले, तेव्हा व्हिडिओवाल्याने हळदीवर सिनेमाची गाणी चढवून कॅसेट दिली. मी त्याच्याशी भांडून, गाणी न चढवलेल्या मूळ कच्च्या कॅसेटी परत घेतल्या होत्या. "काका, त्यात नुसता गोंगाट आहे," असे तो म्हणाला होता. तो गोंगाट मला हवा होता. पुढे आमच्या खाऱ्या, दमट हवेने त्या फितींना बुरशी धरली. प्रत्येक वेळी थोडी फीत चालवायची, व्हीसीआरचे हेड स्पिरिटने पुसायचे आणि पुन्हा लावायची, असे करत मी ती हळद संगणकात उतरवली.

पुतणीचे लग्न ठरले. पत्नीने गाण्याचा विषय काढताच भाऊ म्हणाला, "वहिनी, डीजे सांगितलाय. ती रडगाणी कोण ऐकणार?"

"रडगाणी? तुमच्या हळदीला यातच तुमचं नाव आलं, तेव्हा बरे दात काढत होता, भावजी."

"तेव्हा आई होती. तुम्हाला आमची बोली जमली का कधी?"

दुसऱ्या दिवशी मी डबा सुरू करून त्यावर आईची गाणी लावली. या हळदीला गाणे उचलले गेले नाही तर पुढे कोणी उचलणार नव्हते, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होते.

दुपारी शेजारच्या बायका वालाच्या शेंगा घेऊन येत आणि सोलता सोलता पडद्याकडे पाहून गाणी म्हणत. फीत झिजण्याची धास्ती नव्हती. एकच कडवे कितीही वेळा मागे नेता येई. त्यात एके ठिकाणी आई गाणे थांबवून कॅमेऱ्याबाहेर उभ्या असलेल्या माझ्या पत्नीला दटावते, "अगो, तोंड उघड नं! दात मोजणार नाय कोणी!" पहिल्या दिवशी त्यावर हशा पिकला. पत्नी पडद्याकडे पाहून म्हणाली, "उघडते, आई." आणि तिने उघडले. एकट्याने कानाला हेडफोन लावून ऐकण्याची ती गाणी नव्हेत. म्हणूनच संगणक टेबलावर न ठेवता मी तो चारचौघांत, टीव्हीखाली आणला होता. मला हौशी खुळा म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

हळदीच्या संध्याकाळी मांडवात डीजे दणाणत होता. पत्नी नवरीजवळ बसली आणि तिने गाणे उचलले. पहिल्या ओळी कोणालाच ऐकू गेल्या नाहीत. मग शेंगा सोलणाऱ्या साऱ्याजणी सुरात आल्या. मामा आले, मामी आली, आत्या आली. क्रम कोठे चुकला नाही. शेवटी नवरीच्या बापाला हाक गेली. भाऊ डीजेच्या खोक्यांपाशी उभा होता. त्याने इकडे पाहिले, डीजेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि संगीत बंद करायला लावले. हाक आल्यावर कोण थांबतो? तो आला, पान तेलात बुडवले आणि तो वाकून लेकीला तेल लावू लागला. नंतर, बऱ्याच नंतर, लाईट गेली. गाणी अंधारात चालू राहिली एवढेच. अंधाराने कोणाला शब्द शिकवले नाहीत.

लाईट असताना आपणच डीजे बंद करवला, हे भाऊ नाकारतो. मोठ्या आवाजात नाकारतो. त्या हळदीची कच्ची कॅसेटही मी मागून घेतली आणि डब्यात उतरवली आहे. त्यात तो पान हातात घेऊन वाकलेला आहे आणि त्याच्या पाठीमागे मांडवावरची दिव्यांची माळ लखलखीत पेटलेली आहे. कितीदा म्हटले, ये, सोफ्यावर बस, दाखवतो. तो चहा पितो आणि टीव्ही लावण्याआधी उठतो. डबा अजून चालतो. मीही.