डोळ्यांची आखणी आणि बोलका इन्व्हर्टर

सर्व आप्तेष्ट, हितचिंतक आणि वीजग्राहक यांस कळवण्यास अत्यंत खेद होतो की, हमरापूरला माझ्या ताईच्या गणपती कारखान्यात मी हौसेने बसवून दिलेला इन्व्हर्टर वयाच्या दुसऱ्या वर्षी बडबडू लागला.

आधीचा मुका होता. लाइट गेली की खटका पडायचा, ट्यूब लागायची, विषय संपला. चौदा वर्षं चालला. पण मी रोह्याहून नव्याचं कौतुक घेऊन गेलो. रंगीत पडदा, मोबाइलवर खबरबात, शिवाय आवाजी सूचना! ताई म्हणाली, "मला ट्यूब पेटली म्हंजे झालं रे." मी ऐकतो थोडाच.

दोन वर्षं भरली त्याच आठवड्यात, लाइट गेली की तो दर चाळीस सेकंदांनी "पीं पीं" करू लागला. पडद्यावर अक्षरं: बॅटरी बदला. मी रोह्याचा माझा मेकॅनिक नेला. त्याने बॅटरी तपासली.

"ठणठणीत हाय, काका. ह्याच्या कार्डाला तारीख कळते, बॅटरी नाय कळत."

"मग आवाजाची तार काप."

"तार कुठाय? सगळं एकाच कार्डावर, वरून काळा गोंद ओतलाय. गप करायचा तर नवीन मशीन घ्या."

कोणी म्हणेल, वाजू दे. पण ताई मूर्तींचे डोळे आखते. ब्रश टेकला की श्वास रोखते, आणि एका श्वासात एक रेघ.

त्या दुपारी रोह्याच्या एका मंडळाचा टेंपो दारात उभा होता. मोठ्या मूर्तीचा डावा डोळा झाला आणि लाइट गेली. कधी येईल ते कोणी सांगेना. पावसासाठी प्लास्टिक बांधलेल्या कारखान्यात भरदुपारीही अंधार; इन्व्हर्टरवर ट्यूब लागली. उजव्या डोळ्याची रेघ निम्म्यावर आली तोच "पीं पीं!" ताईचा हात दचकला, रेघ थेट भुवईत. तिने ओल्या फडक्याने अलगद पुसली.

"अजून एकदा पुसलं तर खालचा रंग सुटंल," एवढंच म्हणाली. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही, ते जास्त लागलं.

इन्व्हर्टर बंद करून पाहिला, तर मोबाइलच्या उजेडात तिच्याच हाताची सावली पडत होती; पुन्हा चालू केला. तेव्हा मी घड्याळ काढलं आणि स्टुलावर चढलो. पीं पीं झालं की मी हात खाली टाकायचा, तिने रेघ सुरू करायची; पस्तिसाव्या सेकंदाला हात वर, की ब्रश उचलायचा. दोनदा कोरड्या ब्रशने तालीम केली. मग खरा प्रयोग. टेंपोवाला, मंडळाचे लोक, कोपऱ्यातली ताईची सासू, सगळ्यांनी श्वास रोखले. पहिल्या खेपेत पापणी. दुसरीत बुबुळ. तिसरीत चमकेचा पांढरा ठिपका.

ताई दोन पावलं मागे सरली, दोन्ही डोळे आळीपाळीने पाहिले आणि मान डोलावली.

"पीं पीं!"

सासूबाईंचा धीर सुटला. त्या ओरडल्याच, "बाप्पाचं डोलं उघडलं गो, आता ह्याचं तोंड कवा मिटायचं?"