जोडीचा टायर

इथे आखातात, अल नहदा वस्तीतले आमचे टायरवाले मूळचे रत्नागिरीचे. माणसाला नमस्कार नंतर. आधी त्याच्या टायरवर तळहात ठेवतात, जणू तापलेल्या लेकराचे कपाळ चाचपत आहेत.

माझा पुढचा एक टायर फाटला, तेव्हा मी म्हटले, "कुठल्याही प्रकारचा बसवा. उद्या मुलांना घेऊन फुजैराच्या डोंगरात जायचे आहे."

"नाय वहिनी! एक टायर रस्ता धरणार, दुसरा सोडणार. वळणावर ब्रेक मारलात की गाडी आडवी, खलास!"

जोडीचा टायर दुकानात नव्हता. सुस्कारा टाकून त्यांनी स्वतःच्या गाडीचा तसाच, तेवढाच झिजलेला टायर काढून मला बसवला. त्यांची गाडी विटांवर टेकली.

"आता तुम्ही घरी कसे जाणार?"

"बसने. तिचे सगळे टायर सारखे असतात. चढण्याआधी मी बघतो ना!"