खंडेनवमीची बॅटरी

मी बारामतीत बॅटऱ्यांचं दुकान चालवतो आणि माझं तोंड वाईट आहे, हे आधीच सांगतो. डिस्टिल्ड पाण्याच्या जागी जारचं पाणी ओतून बॅटरी मारणारी माणसं बघितली की माझं डोकं सटकतं. वर मलाच सांगतात, "जारचं बी शुद्धच असतंय की!" अरे, शुद्ध तुझ्या पोटाला!

काटेवाडीच्या सिंधुकाकूंनी ती चूक एकदाच केली. त्यांचे मालक दादासाहेब एसटीत ड्रायव्हर. रिटायर झाल्यावर त्यांनी जुनी मिनीबस घेतली, आत पलंग, पंखा, दिवे, छोटा ओटा बसवला. पलंगाखाली दोन बॅटऱ्या, एक इंजिनाची, एक दिव्या-पंख्याची. दोघांनी मिळून सगळा देश फिरायचं ठरलेलं. अक्कलकोटच्या पुढं काही जाणं झालं नाही. दादासाहेब गेले आणि गाडी अंगणात उभी राहिली.

मुलगा विजयसिंह बंगळुरात. गाडी काढून टाक, म्हणून फोनवर त्याची सारखी कटकट. शेवटी कबूल झाला, "दसऱ्याला येतो. चालू झाली तर तुला फिरवून आणतो, न्हाय तर विकायची." झालं! काकूंनी ध्यासच घेतला. दर पंधरवड्याला मला फोन. शिकवलं तसं सगळं करायच्या. पाटल्या काढून ठेवायच्या, डोळ्याला चष्मा, हातात रबरी मोजे, आणि चार्जिंग झाल्यावर खुणेपर्यंतच पाणी. इतकी निगा गावातल्या एका ट्रॅक्टरवाल्यानं ठेवली असेल तर शपथ!

खंडेनवमीला सकाळी शेवटचं तपासायला गेलो. गाडीच्या खिडक्या बंद, चार्जर चालू, बॅटऱ्यांत बुडबुडे उठतायत, आणि काकू पलंगाची फळी उचलून, हळदीकुंकू वाहून, उदबत्तीसाठी काडी ओढणार! मी झडप घालून काडेपेटी हिसकावली. बटण बंद केलं, खिडक्या सताड उघडल्या आणि सुटलोच.

"काकू, डोकं फिरलंय का? चार्जिंगला गॅस सुटतो, हे सांगून सांगून घसा कोरडा केला ना मी? एक ठिणगी पडली असती तर बॅटरी फुटून ॲसिड तोंडावर आलं असतं!"

"ह्ये दरसाल गाडीची पूजा करायचे वो," एवढं म्हणून त्या रडायला लागल्या. जास्तच बोललो वाटून मी हात जोडले. तर म्हणाल्या, "वरडा वो. दोन वर्सं झाली, या घरात मोठ्यानं कुणी बोललंच न्हाय." मला फार वाईट वाटलं. आमच्या घरात सगळी मला गप्प बसा म्हणतात.

पूजा मग बाहेर, बॉनेटवर केली. गाडी पहिल्याच चावीला सुरू झाली. काकू पोरीसारख्या हसल्या आणि त्यांनी विजयसिंहला फोन लावला.

"व्हय... बरं... काम असतंय बाबा." एवढंच बोलून फोन ठेवला. तो येणार नव्हता. चालू झालीच आहे तर भाव चांगला येईल, गिऱ्हाईक पाठवतो म्हणाला.

माझ्या तोंडात शिवी आली, ती गिळली. "बसा काकू, मी नेतो फिरवून. पार इंदापूरपर्यंत! दुकान गेलं खड्ड्यात."

काकूंनी गाडी बंद करायला लावली. मोजे घातले, पाना घेतला, आधी निगेटिव्हची वायर सोडली, मग दुसरी.

"गाडीत बसायची हौस न्हाय वो मला, गोकुळराव," त्या म्हणाल्या. "लेकाच्या शेजारी बसायचं हुतं."