स्योम्बुआचं तळं

कितुईच्या त्या माळावर माशाला कुणी अन्न म्हणत नसे, सापाचा भाऊ म्हणत. तरी स्योम्बुआनं दारापुढं तळं खणायचं ठरवलं तेव्हा इर्जिकीच्या साऱ्या बाया कुदळी घेऊन आल्या. आज तुझ्या बांधावर, उद्या माझ्या. हीच तिथली रीत. तळ्याच्या बुडाशी काळं प्लास्टिक अंथरलं, तिलापियाची पिल्लं सोडली.

नवऱ्यामागं तिच्याकडं उरलं होतं एक गाढव आणि लेक म्विकाली. नैरोबीची नणंद पोरीला धुण्याभांड्याला मागत होती. मासे मोठे होऊन तालुक्याला विकले गेले तर पोर शाळेत राहणार, नाहीतर नणंदेकडं जाणार. स्योम्बुआचा सगळा जीव त्या तळ्यात होता.

मग पावसानं पाठ फिरवली. नदीच्या वाळूत झिरा खणायचा, वाटी-वाटीनं पाणी भरायचं, कॅन गाढवावर लादून आणायचे आणि तळ्यात ओतायचे. यापायी तिच्या इर्जिकीच्या पाळ्या बुडू लागल्या. कवाताच्या बांधावर तर ती एकदाही गेली नाही.

कवाता इर्जिकीची म्होरकी, वयानं साऱ्या बायांना सासूसारखी. झिऱ्यावर गाठ पडली तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "सुनबाई, माणसं ओठ चाटतायत आणि तू सापांना आंघोळ घालतेस होय?"

"पाऊस पडू दे आई, सगळ्या पाळ्या फेडते."

"पावसाला कशाला मधी घालतेस? हात तुझेच आहेत ना?"

बाया हसल्या.

तळ्याची पातळी टिकावी म्हणून स्योम्बुआ गाढवाला अर्धंच पाणी पाजायची. मुक्या जनावराची तहान देवाला दिसते, हे तिला प्रार्थनेला बसल्यावर आठवायचं. उठली की विसरायची.

एका सकाळी गाढवानं दावं तोडलं आणि ते थेट तळ्यात उतरलं. उतारावर पाय घसरले, खुरांनी प्लास्टिक टराटरा फाटलं. पाणी भुईत जिरू लागलं. गाढव ओढून काढायचं, मासे पिंपात घ्यायचे, भगदाड मातीनं दाबायचं. दोघी मायलेकींच्या आवाक्यातलं ते काम नव्हतं. स्योम्बुआनं इर्जिकीची शिट्टी फुंकली.

बाया आल्या. कुदळी खांद्यावरच ठेवून बाभळीच्या सावलीत बसल्या. स्योम्बुआ गुडघाभर चिखलात उभी राहून एकेकीला नावानं हाका मारत होती. म्विकाली गाढवाचा कान धरून रडत होती. कुणी उठलं नाही. एकीनं तपकीर काढली, ती हातोहात फिरली.

पाणी आटलं. मासे चिखलात तडफडू लागले. तेव्हा कवाता उठली.

"आम्ही खणलेलं तळं आहे," ती म्हणाली. "वाटे पडतील."

बायांनी टोपल्या भरल्या. सापाचा भाऊ म्हणून एकीनंही नाक मुरडलं नाही.

पुढच्या आठवड्यात कवाताच्या बांधावर इर्जिक होती. स्योम्बुआ सगळ्यांच्या आधी हजर झाली. त्या माळावर इर्जिकीतून बाहेर पडलेल्या बाईच्या मढ्यालाही खड्डा मिळत नाही. दुपारी कवातानं तिच्या पानावर मक्याच्या कण्यांचा भात वाढला, वर सुकवलेला तिलापिया ठेवला.

"खा गं. तुझ्याच हातचा आहे."

स्योम्बुआनं मनात देवाचं नाव घेतलं आणि खाल्ला.

जेवणं उरकून ओळ पुन्हा कुदळीला लागली. खालच्या रस्त्यानं नैरोबीची गाडी धुरळा उडवत गेली. म्विकाली त्याच गाडीत होती. ओळीतली कुदळ एकटीनं थांबवायची नसते. स्योम्बुआनं मान वर केली नाही.