मायनरच्या वाऱ्यात वाळलेलं उपरणं

"सार, मशीन परत ट्रिप झालं, आपोआप बंद पडलं," मोहन फोनवर म्हणाला. "सोमवारी बंगळूरच्या कंपनीला होय का नाही सांगायचंय. हे नीट चाललं तर मी इथंच राहतो. नाही तर विकतो आणि जातो."

मी म्हैसूरमध्ये सर्व्हर आणि कॉम्प्युटर दुरुस्त करतो. मोहनकडे मायनर होता. मायनर म्हणजे क्रिप्टोसाठी दिवसरात्र आकडेमोड करणारी पेटी. आत चिपांनी भरलेले हॅशबोर्ड. पुढचे पंखे गार हवा ओढतात, मागचे गरम हवा बाहेर फेकतात. चिप फार तापल्या की बोर्ड स्वतःच बंद पडतो, जरा निवला की परत सुरू होतो. हा धंदा शहाणपणाचा की नाही ते मला विचारू नका, मशीनचं तेवढं विचारा.

घर म्हैसूरच्या जुन्या अग्रहार भागात. मोहनच्या आजोबांपर्यंत सगळे रंगारी, आणि मायनर ठेवला होता त्यांच्याच कापड रंगवायच्या खोलीत. फरशीवर जुने निळे-तांबडे डाग अजून आहेत. आत गेलं की तो एकसुरी घुमणारा आवाज आणि पाठीवर येणारी ऊब, दोन्ही मिळून डोळे जड व्हायचे. कामावर असताना मला असं कधी होत नाही. तिथं व्हायचं.

मी पंखे साफ केले. चिपांवरची थर्मल पेस्ट, म्हणजे उष्णता पुढे पोचवणारा लेप, नवीन लावली. पॉवर सप्लाय बदलला. संध्याकाळभर मशीन गुणी बाळासारखं चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी मोहन नजरबादला ऑफिसात गेला आणि पुन्हा तेच, दरवेळी दुपारीच.

"व्होल्टेज असेल, सार."

"व्होल्टेज फक्त दुपारी कसं रुसेल?" मी म्हणालो. मला राग यायला लागला होता. बिघाडाने निदान वेळ तरी पाळू नये.

लॉगमध्ये, म्हणजे मशीन स्वतःच ठेवतं त्या नोंदीत, एक गोष्ट दिसली. आधी आत येणारी हवा तापत होती, चिप नंतर. म्हणजे फेकलेली गरम हवाच फिरून पुढे येत होती. पण खोलीची खिडकी तर सताड उघडी असायची.

मग मी न कळवता दुपारीच गेलो. दार मोहनच्या आईने, सुंदराअक्कांनी, उघडलं. मला बघून त्या दारातच उभ्या राहिल्या.

"मोहन नाही की घरी. सुम्नं, निवांत बसा, कॉफी करते."

"मशीन बघतो, अक्का."

"अय्यो, आत्ताच बघायला पाहिजे का?"

पण मी आत गेलोच, आणि क्षणभर कशाला आलो ते विसरलो. मायनरच्या मागे दोरी बांधलेली, दोरीवर ओलं कुसुंबी उपरणं, आणि त्या गरम वाऱ्यात ते पेटीला चिकटत होतं, सुटत होतं. खोलीभर तांबूस उजेड हलत होता. त्या आवाजात, त्या उबेत वाटलं, ही खोली रंगाचं काम विसरलीच नव्हती. मी किती वेळ बघत राहिलो कोण जाणे.

"मोहनच्या लग्नाचं," अक्का मागून हळूच म्हणाल्या. "आमच्यात नवऱ्याचं उपरणं आईनं घरी रंगवायचं. रंगावर रंग चढवायचे, आणि लग्नापर्यंत नवऱ्यानं बघायचं नाही. ह्या रंगाला ऊन चालत नाही, सावलीतला वारा लागतो. आषाढात वारा सगळा ओला. इथं बरा मिळाला."

"मशीन मध्येच बंद पडतं, ते कळत नाही?"

"गप्प बसतं स्वल्प. दमत असेल म्हटलं."

मी त्यांना बंगळूरचं सांगितलं. मोहनने घरात काहीच सांगितलेलं नव्हतं. त्या खाली फरशीवरच बसल्या.

"म्हणजे मीच घालवत होते त्याला?"

मी उपरणं काढून त्यांच्या हातात दिलं. पेटीचा आवाज थोड्याच वेळात मोकळा झाला.

"त्याला सांगू नका हं," त्या म्हणाल्या. "बघितल्यासारखंच होईल."

मी पत्र्याचं डक्ट बसवलं, म्हणजे हवा वाहून नेणारा बोगदा. मशीनची गरम हवा खिडकीतून थेट परसातल्या छपराखाली. तिथं, डक्टच्या तोंडापासून बऱ्यापैकी लांब, अक्कांची दोरी.

"प्रॉब्लेम काय होता, सार?" मोहनने विचारलं.

"एक्झॉस्ट अडत होता."

"कशानं?"

"खोलीची सवय," मी म्हणालो. रिपोर्टमध्ये मी असं कधी लिहिणार नाही.

मायनर नंतर एकदाही ट्रिप झाला नाही. सोमवारी मोहनने कंपनीला नाही कळवलं.

लग्नात मी आहेर द्यायला पुढे गेलो. मोहनच्या खांद्यावर तेच उपरणं, गडद कुसुंबी, फक्त एका ठिकाणी फिकट गोल. खोलीत पेटीला चिकटायचं तेव्हा गरम वारा तिथं जास्तच लागला होता. मोहन त्या गोलावरून बोट फिरवत होता.

"सार," तो माझ्या कानाशी म्हणाला, "हा बरोबर एक्झॉस्ट फॅनएवढा आहे."

मी अक्कांकडे बघितलं. त्यांनी पुढे होऊन उपरण्याची घडी सारखी केली, आणि मोहनने तो हात तिथंच धरून ठेवला.

आता कुठेही मशीन तापतंय म्हणून बोलावलं की मी आधी टेम्परेचर बघत नाही. घरात लग्न आहे का, ते विचारतो.